एल्ममधील वेब अ‍ॅपला रूप कसे द्यावे: पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

एल्म ही ब्राउझरसाठी घडवलेली शुद्ध फंक्शनल भाषा आहे. इव्हान चाप्लिकी यांनी २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधातून ती मांडली, आणि आज सर्वत्र वापरली जाणारी ०.१९.१ ही आवृत्ती २०१९ सालची आहे. ही भाषा शिकू लागणाऱ्याला पहिली ओढ लागते ती तिच्या कम्पायलरची, म्हणजे लिहिलेला कोड तपासून जावास्क्रिप्टमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामची. चूक नेमकी कोठे झाली आणि तेथे काय अपेक्षित होते, हे तो शिकवणाऱ्याच्या धीराने सांगतो, आणि प्रोग्राम एकदा कम्पाइल झाला की चालताना तो कोसळण्याची वेळ क्वचितच येते. परंतु पानाला रंग, अंतरे आणि मांडणी देण्याची वेळ आली की हाच सोबती एकाएकी गप्प होतो. त्या शांततेत पुष्कळ नवखे गोंधळतात, कारण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे सल्ले मिळतात आणि कोणता सल्ला कोणत्या कामासाठी आहे हे कोणी सांगत नाही.

मी हा अनुभव आमच्या भागातील एका लहान वाचनालयासाठी देवघेवीचे अ‍ॅप लिहिताना घेतला. पुस्तकांची यादी, सभासदांची नोंद, मुदत संपलेल्या पुस्तकांची वेगळी यादी आणि ती छापण्याची सोय, एवढेच त्याचे काम होते. तेवढ्या कामासाठी मी रूप देण्याच्या चार पद्धती वापरून पाहिल्या, आणि पुढील सर्व उदाहरणे त्याच अ‍ॅपमधील आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, म्हणजे पुढचे सर्व सोपे जाईल. सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ब्राउझरला सांगणारी भाषा, हे एल्मच्या बाहेरचे जग आहे. या दोन जगांना जोडणारा धागा म्हणजे एक साधी स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) असते, आणि त्या स्ट्रिंगच्या आत काय लिहिले आहे हे कम्पायलर तपासत नाही. रूप देण्याची कोणतीही पद्धत निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो की ही स्ट्रिंग कोठे राहते आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवते.

(या लेखात आज्ञांची आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.)

सुरुवातीला काय जवळ असावे

- एल्म ०.१९.१ आणि ‘एल्म इनिट’ने तयार केलेला रिकामा प्रकल्प.
- कोड आपोआप नीट मांडणारे एल्म-फॉरमॅट हे साधन. ते नसले तरी काम चालते, पण क्लासांच्या लांब याद्या वाचणे अवघड होते.
- सीएसएसची प्राथमिक ओळख: बॉक्स मॉडेल, फ्लेक्सबॉक्स आणि कोणत्या सिलेक्टरचे वजन जास्त असते याचे नियम. ‘एल्म वापरल्यावर सीएसएस शिकावे लागत नाही’ असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नये.
- ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स, विशेषतः एखाद्या घटकावर कोणते नियम लागू झाले ते दाखवणारा भाग.
- कागदावर काढलेले पानांचे कच्चे रेखाटन आणि प्रत्येक वस्तूच्या अवस्थांची यादी. पुस्तक उपलब्ध आहे, सभासदाकडे आहे, मुदत संपलेले आहे की राखून ठेवलेले आहे, ही यादी पुढे टाइप (मूल्याचा ठरवून दिलेला प्रकार) म्हणून कोडमध्ये उतरणार आहे.

१. स्वतःचे इंडेक्स पान तयार करा

नवखे बहुधा ‘एल्म रिअ‍ॅक्टर’ने सुरुवात करतात, कारण त्यात एल्मची फाइल थेट उघडता येते. मात्र रिअ‍ॅक्टर त्या फाइलसाठी स्वतःचे पान तयार करतो आणि त्या पानात तुमची स्टाइलशीट जोडलेली नसते. सीएसएस लिहिले, फाइल जतन केली, पान पुन्हा उघडले, तरी काहीच बदलत नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने होते.

म्हणून इंडेक्स पान स्वतः लिहा. त्याच्या हेड भागात स्टाइलशीट जोडा, बॉडीमध्ये एक रिकामा डिव्ह ठेवा, कम्पाइल झालेली जावास्क्रिप्ट फाइल जोडा आणि त्या डिव्हमध्ये अ‍ॅप सुरू करणारी एक ओळ लिहा. नंतर ‘एल्म मेक’ ही आज्ञा देताना ‘आउटपुट’ या पर्यायाने जावास्क्रिप्ट फाइलचे नाव न विसरता सांगा. तो पर्याय दिला नाही तर एल्म स्वतःच एक इंडेक्स पान तयार करतो आणि त्याच नावाच्या तुमच्या पानावर ते लिहून टाकतो. मन लावून केलेले पान असे एका आज्ञेत नाहीसे होते, म्हणून ते पान पहिल्याच दिवशी गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, नोंदवून ठेवावे.

काम करताना पान आपोआप ताजे व्हावे असे वाटत असेल तर एल्म-लाइव्ह हे साधन किंवा व्हीट या वेब प्रकल्प बांधण्याच्या साधनासाठीचे एल्मचे प्लगइन वापरता येईल. या लेखातील पुढच्या पायऱ्यांना दोन्ही चालतात.

२. क्लासची नावे आणि बाहेरची स्टाइलशीट

पहिली पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी आहे: एल्ममध्ये ‘क्लास’ या फंक्शनने घटकाला नाव द्यायचे आणि त्या नावाचे नियम वेगळ्या सीएसएस फाइलमध्ये लिहायचे. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की प्रत्येक नवख्याने येथूनच सुरुवात करावी. या पद्धतीत सीएसएसची संपूर्ण ताकद हाताशी राहते. माउस वर आल्यावरचे रूप, लहान पडद्यासाठीचे नियम, छपाईसाठीचे नियम, हालचाली, हे सर्व ब्राउझर स्वतः सांभाळतो आणि एल्मला त्याचा काहीही भार होत नाही.

एकाच घटकावर ‘क्लास’ एकाहून अधिक वेळा दिला तर एल्म ती नावे एकत्र जोडतो. नंतरचे नाव आधीचे पुसत नाही. अवस्थेनुसार क्लास लावायचा असेल तर ‘क्लासलिस्ट’ वापरा. त्याला नाव आणि खरे-खोटे मूल्य अशा जोड्यांची यादी द्यावी लागते, आणि ज्या जोडीतील मूल्य खरे असेल तेवढीच नावे लागतात.

आता या पद्धतीतील उणीव जवळून पाहू. मुदत संपलेल्या पुस्तकाची ओळ फिकट लाल दिसावी, असा माझा हेतू होता. सीएसएसमध्ये मी नाव लिहिले ‘मुदत-संपली’ या अर्थाचे, जोडरेषेने. एल्ममध्ये तेच नाव लिहिताना जोडरेषेऐवजी अधोरेषा पडली. कम्पायलरने काही म्हटले नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही निव्वळ स्ट्रिंगच होत्या. पान उत्तम चालत होते, आणि माझ्या चाचणीतल्या सर्व पुस्तकांची मुदत शिल्लक असल्याने पांढऱ्या ओळी बरोबरच वाटत होत्या. ग्रंथपालांनी चौथ्या दिवशी विचारले, ‘थकलेली पुस्तके लाल दिसणार होती ना?’, तेव्हा चूक उघड झाली.

यावरचा उपाय भाषेतच आहे आणि तो या लेखातील सर्वांत उपयोगी भाग आहे, असे मी मानतो. क्लासची स्ट्रिंग व्ह्यूमध्ये, म्हणजे पान दाखवणाऱ्या कोडमध्ये, कोठेही थेट लिहू नका. त्यासाठी एक वेगळे मॉड्यूल (कोडची स्वतंत्र फाइल) करा. त्यात पुस्तकाच्या अवस्थेचा टाइप घ्या, त्याचे चार व्हेरिएंट (शक्य पर्याय) असू द्या, आणि अवस्था घेऊन क्लास परत देणारे एकच फंक्शन, प्रत्येक पर्यायाला वेगळी शाखा देणाऱ्या ‘केस’च्या साहाय्याने लिहा. ‘मुदत-संपली’ हे नाव मग संपूर्ण एल्म कोडमध्ये फक्त एकदा येते. उद्या ‘दुरुस्तीला पाठवलेले’ अशी पाचवी अवस्था वाढली, तर ‘केस’मध्ये एक शाखा राहून गेली आहे असे कम्पायलर स्वतः सांगतो आणि तिचे रूप ठरवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बटणांचेही तसेच करा. मुख्य बटण, दुय्यम बटण आणि धोक्याचे बटण असे तीन व्हेरिएंट ठरवा, आणि व्ह्यूमध्ये ‘परत घ्या’ किंवा ‘मुदत वाढवा’ ही बटणे त्याच एका फंक्शनमधून काढा. असे केल्यावर सीएसएस फाइल आणि एल्म यांच्या सीमेवर तपासायला एकच लहान मॉड्यूल उरते, आणि ते दहा मिनिटांत डोळ्यांखालून घालता येते.

या पायरीवरचा आणखी एक सापळा एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकारांच्या वर्णनातून उभ्या राहणाऱ्या चित्रांचा आहे. एल्ममध्ये एचटीएमएलसाठीचे ‘क्लास’ आणि एसव्हीजीसाठीचे ‘क्लास’ ही दोन वेगळी फंक्शने आहेत, पण दोघांचा टाइप जुळतो. एचटीएमएलचे फंक्शन एसव्हीजीच्या घटकावर लावले तर कम्पायलर ते स्वीकारतो आणि ब्राउझर मात्र चालताना त्रुटी देतो, कारण एसव्हीजीच्या घटकावर तो गुणधर्म केवळ वाचता येतो, बदलता येत नाही. एल्ममध्ये चालताना त्रुटी दिसण्याच्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक आहे. चिन्हांसाठी एसव्हीजी वापरत असाल तर ती सर्व एका मॉड्यूलमध्ये ठेवा आणि तेथे एचटीएमएलचे गुणधर्म आयातच करू नका.

३. ‘स्टाइल’ फंक्शन: मोजक्याच ठिकाणी

एल्ममध्ये ‘स्टाइल’ हे फंक्शन आहे. त्याला गुणधर्माचे नाव आणि त्याचे मूल्य अशा दोन स्ट्रिंग दिल्या की तो नियम थेट घटकावर लागतो. ०.१९ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये ते जोड्यांची यादी घेत असे. जुन्या लेखांतील उदाहरणे उतरवून घेताना त्यामुळेच टाइपची त्रुटी येते.

हे फंक्शन वापरण्याची योग्य जागा म्हणजे मॉडेलमधून (अ‍ॅपच्या सध्याच्या माहितीतून) मोजून येणारे मूल्य. वर्षभरात किती पुस्तके दिली गेली हे दाखवणाऱ्या पट्टीची रुंदी, ओढून हलवल्या जाणाऱ्या कार्डाचे स्थान, अशा क्षणोक्षणी बदलणाऱ्या संख्यांसाठी ते उत्तम आहे. संपूर्ण पानाचे रूप त्यातून उभे करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण माउस वर आल्यावरचे रूप आणि पडद्याच्या रुंदीनुसारचे नियम त्यात लिहिताच येत नाहीत.

येथे दोन गोष्टी काहीही न सांगता अयशस्वी होतात. मूल्याच्या शेवटी, नियमाने इतरांवर मात करावी म्हणून, ‘इम्पॉर्टन्ट’ जोडले तर ब्राउझर तो नियम सरळ टाकून देतो. आणि दोन आडव्या रेषांनी सुरू होणारे सीएसएसचे चल (नाव देऊन ठेवलेली मूल्ये) ‘स्टाइल’ने बसवता येत नाहीत, कारण एल्म ज्या मार्गाने हे मूल्य घटकावर ठेवतो तो मार्ग अशा चलांसाठी चालत नाही. चल बसवायचाच असेल तर ‘अ‍ॅट्रिब्यूट’ हे सर्वसाधारण फंक्शन घेऊन त्याला ‘स्टाइल’ हे नाव आणि संपूर्ण नियमाची स्ट्रिंग द्या. मात्र त्याच घटकावर ‘स्टाइल’ फंक्शन वेगळे वापरू नका, कारण दोन्ही एकमेकांचे लिहिलेले पुसू शकतात.

४. एल्म-सीएसएस: नियम एल्ममध्येच

रिचर्ड फेल्डमन यांचे एल्म-सीएसएस हे पॅकेज (प्रकल्पात जोडायचा तयार कोड) सीएसएसचे नियमच एल्मच्या फंक्शनांमध्ये आणते. रंग, लांबी, किनार यांना टाइप मिळतात. समासाच्या जागी चुकून रंग दिला तर प्रोग्राम कम्पाइल होत नाही, आणि गुणधर्माचे नाव चुकले तर असे फंक्शन अस्तित्वातच नाही असे कम्पायलर सांगतो. म्हणजे दुसऱ्या पायरीवर जी स्ट्रिंग आपल्याला सांभाळावी लागत होती, ती येथे पॅकेज सांभाळते. क्लासची नावे ते स्वतः तयार करते, त्यामुळे दोन ठिकाणची नावे एकमेकांवर आदळत नाहीत.

वापरण्याचा क्रम असा आहे. पॅकेज बसवा. व्ह्यूमध्ये नेहमीच्या एचटीएमएल मॉड्यूलऐवजी ‘एचटीएमएल स्टाइल्ड’ आयात करा. त्यातील फंक्शनांची नावे तीच असल्याने बाकीचा व्ह्यू फारसा बदलत नाही. घटकाच्या गुणधर्मांमध्ये ‘सीएसएस’ हे फंक्शन लावून त्याला नियमांची यादी द्या. शेवटी, मुख्य प्रोग्रामला व्ह्यू देण्याच्या अगदी आधी, ‘टू-अनस्टाइल्ड’ने तो साध्या एचटीएमएलमध्ये बदला, आणि हे रूपांतर सर्वांत वरच्या टोकाला एकदाच करा.

नवखे अडतात ते दोन प्रकारचे एचटीएमएल एकत्र आल्यावर. दुसऱ्या एखाद्या पॅकेजमधून साधे एचटीएमएल येत असेल तर त्याला आधी ‘फ्रॉम-अनस्टाइल्ड’मधून न्यावे लागते. लांबी आणि रंगांच्या बाबतीत कम्पायलरचे संदेशही येथे नेहमीपेक्षा लांबलचक असतात. घाबरू नका, संदेशातील ओळ क्रमांक पाहा आणि त्या ओळीत कोणत्या जागी काय दिले आहे ते तपासा, एवढ्याने बहुतेक वेळा चूक सापडते.

हे पॅकेज नियम तयार करण्याचे काम अ‍ॅप चालू असताना करते, हे लक्षात असू द्या. म्हणूनच क्षणोक्षणी बदलणारी संख्या ‘सीएसएस’ फंक्शनमध्ये देऊ नये. प्रत्येक नव्या मूल्यासाठी नवा क्लास आणि नवा नियम तयार होतो, आणि ओढून हलवलेले कार्ड अडखळू लागते. अशा जागी तिसऱ्या पायरीवरचे ‘स्टाइल’ फंक्शनच घ्यावे. लांब याद्यांसाठी, माहिती न बदललेला भाग पुन्हा न काढणाऱ्या ‘लेझी’चा वापर करावा.

५. एल्म-यूआय: सीएसएसऐवजी मांडणीची वेगळी भाषा

मॅथ्यू ग्रिफिथ यांचे एल्म-यूआय आणखी एक पाऊल पुढे जाते. त्यात सीएसएसचे गुणधर्म लिहायचेच नसतात. आडवी रांग, उभा स्तंभ, अंतर, आतील समास, उपलब्ध जागा भरणे, मध्यभागी किंवा एका कडेला सरकणे, अशा थोड्या शब्दांत पान मांडायचे असते. एका घटकाचा नियम दुसऱ्यावर नकळत झिरपत नाही. सीएसएसमध्ये दोन वस्तूंमधील अंतर कोणाच्या समासातून आले याचा शोध घ्यावा लागतो, तर येथे अंतर हे नेहमी रांगेचे किंवा स्तंभाचे असते. पहिल्यांदा हे वाचताना मला फार आनंद झाला, आणि ज्यांच्या अ‍ॅपमध्ये मांडणी गुंतागुंतीची पण ठरीव आहे, त्यांना मी ते आजही आवर्जून सुचवतो.

पुढील सवयी सुरुवातीलाच लावून घ्याव्यात.

घटकाची रुंदी आपोआप पसरत नाही, ती मजकुराएवढीच राहते. पसरायला हवी असेल तर तसे सांगावे लागते. एखाद्या आतल्या घटकाला ‘भरून राहा’ असे सांगितले आणि त्याच्या बाहेरच्या घटकाला सांगितले नाही, तर काहीच घडत नाही, आणि नवख्याला वाटते की पॅकेज बिघडले आहे. बाहेरून आत अशा क्रमाने तपासत जावे.

‘टेक्स्ट’ने दिलेला मजकूर एका ओळीतच राहतो. तो ओळींमध्ये मोडायला हवा असेल तर ‘पॅराग्राफ’मध्ये ठेवावा लागतो. ग्रंथालयातील ‘श्रीमद्भगवद्गीता : मराठी भाषांतर आणि टीका’ यांसारखे लांब नाव मोबाइलच्या पडद्याबाहेर जाते ते याच कारणाने.

मांडणी कळेनाशी झाली तर ‘एक्स्प्लेन’ हा गुणधर्म ‘डीबग टूडू’सह लावा, प्रत्येक चौकटीभोवती रेषा दिसू लागतात. काम झाल्यावर तो काढून टाका, कारण कोडमध्ये ‘डीबग’ असताना, अंतिम फाइल लहान आणि वेगवान करणाऱ्या ‘ऑप्टिमाइझ’ पर्यायाने कम्पाइल करता येत नाही.

मजकूर भरण्याच्या प्रत्येक खिडकीला लेबल द्यावेच लागते. ते दिसायला नको असेल तर ‘लपलेले लेबल’ म्हणून द्यावे लागते. पान ऐकून वापरणाऱ्या, म्हणजे स्क्रीन रीडरवर अवलंबून असणाऱ्या वाचकांची काळजी येथे टाइपमधूनच घेतली गेली आहे, आणि हा या पॅकेजचा मला वाटणारा मोठा गुण आहे. उलट बाजूने, येथे खरा फॉर्म नसल्याने शोधाच्या खिडकीत एंटर दाबल्यावर काही होत नाही. एंटरची घटना ओळखणारे छोटे फंक्शन स्वतः लिहून जोडावे लागते.

पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याचे काम येथे सीएसएस करत नाही, तर तुमचे मॉडेल करते. खिडकीची रुंदी आणि उंची मॉडेलमध्ये ठेवायची, ती बदलल्यावर ‘ऑन-रिसाइझ’च्या सबस्क्रिप्शनने (बाहेरच्या बदलाची खबर अ‍ॅपला देणाऱ्या सोयीने) नवी घ्यायची, आणि ‘क्लासिफाय-डिव्हाइस’कडून फोन, टॅबलेट, डेस्कटॉप की मोठा डेस्कटॉप हे उत्तर मिळवायचे. सुरुवातीची रुंदी मात्र अ‍ॅप सुरू करतानाच फ्लॅग्जमधून (जावास्क्रिप्टकडून सुरुवातीला दिलेल्या मूल्यांतून) द्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्या क्षणी चुकीची मांडणी झळकते आणि मग उडी मारून बदलते.

वाचनालयाच्या अ‍ॅपमध्ये मी शेवटी एल्म-यूआय ठेवले नाही, आणि त्याचे कारण छपाई हे होते. थकलेल्या पुस्तकांची यादी दर महिन्याला कागदावर काढून फलकावर लावली जाते. छपाईसाठीचे वेगळे नियम साध्या स्टाइलशीटमध्ये दहा ओळींत झाले. एल्म-यूआयमध्ये त्यासाठी पुन्हा बाहेरच्या सीएसएसचा आधार घ्यावा लागला असता. छपाई नसलेल्या कामात मी कदाचित वेगळा निर्णय घेतला असता.

६. टेलविंड वापरायचे असेल तर

टेलविंड हा लहान लहान तयार क्लासांचा सीएसएस संच आहे. त्याचे क्लास एल्मसह चांगले चालतात, कारण टेलविंड तुमच्या फायली मजकूर म्हणून वाचतो आणि त्यात दिसलेल्या नावांपुरतेच सीएसएस तयार करतो. तिसऱ्या आवृत्तीत कोणत्या फायली वाचायच्या हे कॉन्फिगरेशनमधील ‘कन्टेन्ट’मध्ये सांगावे लागते, आणि तेथे एल्म फायलींचा विस्तार लिहायला लोक विसरतात, मग पान पूर्णपणे बिनरूपाचे दिसते. २०२५ साली आलेली चौथी आवृत्ती फायली स्वतः शोधते.

सर्वांत मोठा सापळा स्ट्रिंग जोडून नाव तयार करण्याचा आहे. फंक्शनल भाषेत सवय असते ती लहान तुकडे जोडण्याची, म्हणून रंगाचे नाव घेऊन त्याच्या पुढे-मागे बाकीचे शब्द जोडणारे फंक्शन अगदी सहज लिहिले जाते. परंतु टेलविंड तुमचा प्रोग्राम चालवून पाहत नाही. त्याला फाइलमध्ये संपूर्ण नाव जसेच्या तसे दिसले पाहिजे. म्हणून ‘केस’च्या प्रत्येक शाखेत पूर्ण नाव लिहा, पुनरावृत्ती झाली तरी चालेल.

नावांवर कम्पायलरचे लक्ष हवे असेल तर एल्म-टेलविंड-मॉड्यूल्स हे साधन टेलविंडच्या प्रत्येक क्लाससाठी एल्म-सीएसएसवर चालणारे फंक्शन तयार करून देते. तयार होणारी फाइल मोठी असली तरी ०.१९ पासून एल्म न वापरलेली फंक्शने अंतिम फाइलमधून वगळतो.

७. उजेडी आणि काळोखी रूप

रूपाची निवड स्ट्रिंगमध्ये न ठेवता दोन व्हेरिएंटच्या टाइपमध्ये ठेवा. बाहेरच्या स्टाइलशीटच्या पद्धतीत सर्वांत वरच्या डिव्हवर त्यानुसार एक क्लास लावा, आणि रंगांचे चल स्टाइलशीटमध्ये त्या क्लासखाली लिहा; तिसऱ्या पायरीवर सांगितलेली चलांची अडचण मग येतच नाही. वापरणाऱ्याची निवड लक्षात ठेवायची असेल तर ती पोर्टमधून (एल्म आणि जावास्क्रिप्ट यांच्यातील निरोपाच्या वाटेतून) ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये जतन करा आणि पुढच्या वेळी फ्लॅग्जमधून परत घ्या.

पूर्ण पान एल्मकडे असले तरी बॉडीच्या स्वतःच्या गुणधर्मांवर एल्मचा अधिकार नसतो. त्यामुळे आतला डिव्ह काळा झाला तरी पान खाली ओढल्यावर पांढरी कड दिसते. डिव्हला किमान पडद्याएवढी उंची द्या आणि बॉडीची पार्श्वभूमी बदलण्यासाठी त्याच पोर्टचा उपयोग करा.

८. मराठी मजकुराची विशेष काळजी

मराठी अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी ही पायरी कधीही वगळू नये. इंडेक्स पानातील एचटीएमएल टॅगवर भाषा म्हणून मराठीचा संकेत द्या. तो टॅग एल्मच्या हाताबाहेर असल्याने हे काम पानातच करावे लागते. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण भाषेचा संकेत नसेल तर हिंदी वळणाची अक्षरे दिसू शकतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्टही मुक्त परवान्याखाली मिळतात. मजकुरासाठी मुक्ता आणि मोठ्या शीर्षकांसाठी बालू असा मेळ मला आवडतो.

इंग्रजी नमुन्यावरून उचललेली अक्षरांमधील अंतराची ओळ देवनागरी शीर्षकांवर कधीही लावू नका. माझ्या पहिल्या आवृत्तीत ‘थकीत पुस्तके’ या शीर्षकाची शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटली होती, आणि ते शब्द न राहता सुटी अक्षरे वाटत होती. ओळींची उंचीही इंग्रजीपेक्षा जास्त लागते. ‘र्कीं’सारख्या अक्षरात वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र येतात, तर खाली उकार आणि ऋकार लटकतात. अक्षराच्या आकाराच्या १.६ पट उंचीपासून सुरुवात करून डोळ्यांनी ठरवावे. एल्म-यूआयमध्ये हेच अंतर परिच्छेदाच्या ‘स्पेसिंग’ने ठरते.

९. अ‍ॅप लोकांपुढे नेताना

‘ऑप्टिमाइझ’ पर्यायासह कम्पाइल करा आणि मिळालेली जावास्क्रिप्ट फाइल आणखी आवळून लहान करा. खऱ्या स्वस्त फोनवर, अक्षरांचा आकार मोठा करून, आणि छपाईच्या पूर्वदृश्यात पान एकदा पाहा. अवस्थांच्या टाइपमधील प्रत्येक व्हेरिएंट एका चाचणी पानावर एकाखाली एक दाखवून ठेवा. मुदत संपलेली ओळ लाल आहे की नाही हे मग चौथ्या दिवशी नव्हे, तर त्याच क्षणी दिसते.

शेवटची अडचण ब्राउझरच्या साठ्याची (कॅशची) आहे. नवी जावास्क्रिप्ट फाइल उतरली आणि स्टाइलशीट मात्र जुनीच साठ्यातून आली, तर नव्या क्लासांना रूपच मिळत नाही, आणि ही चूक तुमच्या संगणकावर कधीच दिसत नाही. दोन्ही फायलींच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला आणि इंडेक्स पानातील दोन्ही दुवे एकाच वेळी बदला.